गिरधर आप्पा चालायला निघाले

माणसानं उगाच चालू नये, असं धनखेडे गावाचं ठाम मत आहे. वावरात जायला चालावं, दावं तोडून म्हैस गेली तर तिच्यामागं चालावं, लग्नात वरातीबरोबर चालावं, तेही बँड बरा असेल तर. पण कुठंच पोचायचं नसताना चालायचं आणि जिथून निघालो तिथंच घाम पुसत परत यायचं, याला धनखेड्यात घाण्याचा बैल म्हणतात. बैलाला निदान शेवटी पेंड तरी मिळते.

गिरधर आप्पांचं मतही कालपरवापर्यंत हेच होतं. आप्पा सोसायटीचे निवृत्त सचिव. शब्दाला वजन, आणि अंगाला त्याहून जास्त. सकाळी ते ओट्यावर बसत. ऊन आलं की ओसरीत बसत. ऊन उतरलं की पुन्हा ओट्यावर. पानाच्या टपरीवर जायचं तर मोटरसायकल काढत, आणि टपरी ओट्यावरून दिसते, बरं का. त्यांच्या बायकोला, म्हणजे वत्सलाबाईंना, मात्र दिवसा बसलेलं कुणी पाहिलेलं नव्हतं. त्या गोठा, चूल, विहीर, माळा असं करत दिवसभर घरात फिरत आणि जाता येता म्हणत, "दिनभर बठी ऱ्हातस तुम्ही. पाय काय देवघरमा ठेवाले शेत का?" आप्पा उत्तर देत नसत. सचिवानं प्रत्येक तक्रारीला उत्तर द्यायचं नसतं.

मग शहाद्याच्या डॉक्टरनं घोटाळा केला. साखर वाढली म्हणून आप्पा गेले होते. डॉक्टर तरणा होता, योगेंद्रच्या वयाचा. योगेंद्र म्हणजे आप्पांचा मुलगा, सुरतला असतो. डॉक्टर म्हणाला, "आप्पा, हात न टेकता खुर्चीवरून उठून दाखवा." त्यात काय, म्हणून आप्पा उठायला गेले आणि उठलेच नाहीत. दुसऱ्यांदा जोर लावला, तर धोतर पुढं आलं, आप्पा मागंच. तिसऱ्यांदा त्यांनी टेबल धरलं, तेव्हा टेबल त्यांच्याकडे आलं.

डॉक्टर हसला नाही. हसला असता तर आप्पांना बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "असेच बसत राहिलात तर पाय काम विसरतील. मग एक दिवस न्हाणीत पडाल. पडलात की खाट."

खाट म्हटल्याबरोबर आप्पा टेबल धरून कसेबसे उठून उभे राहिले. मरणाला ते भीत नव्हते. मरण काय, सगळ्यांनाच आहे, आणि ते आलं की आपल्याला काही करावं लागत नाही, बाकीचे बघतात. पण खाटलं धरणं वेगळं. त्यांचे थोरले भाऊ रेवजीदादा तसेच गेले होते. पहाडासारखा माणूस, पण शेवटी शेवटी तोंडावरची माशी उडवायला सुनेला हाक मारायचा, आणि सून भाकरी टाकत असली की माशी बसून राहायची. आप्पा समोरच्या खुर्चीवर बसून ते बघायचे. त्यांना दादाचं मरण आठवत नसे, पण माशी आठवे. आता डॉक्टरच्या टेबलाला धरून ते उभे होते आणि त्यांना वाटलं की ती माशी आपल्याकडे बघते आहे.

"रोज चाला," डॉक्टर म्हणाला. "रमतगमत नको, झपझप. बोलताना दम लागेल असं. म्हणजे चालताना बोलायचंच नाही."

दुसऱ्या दिवशी आप्पा चालायला निघाले. पहिल्याच गल्लीत तीन ओटे लागले आणि तिन्ही ओट्यांवर माणसं होती. सोसायटीचा सचिव पायी येतोय म्हटल्यावर माणसं उठून उभी राहिली. मोटरसायकल बिघडली का, जप्ती आली का, वत्सलाबाईंशी भांडण झालं का, अशी आस्थेनं चौकशी झाली. नुसता चालतोय म्हटल्यावर कुणाचा विश्वास बसेना, म्हणून प्रत्येकानं आप्पांना बसवलं आणि चहा पाजला. आपल्याकडे चहा गोड असतो, आणि नको म्हणणं म्हणजे घराला नाव ठेवणं. आठवडाभरानं साखर तपासली तर ती आणखी वर गेली होती.

योगेंद्रला फोनवर हे कळलं. त्यानं सुरतहून चालण्याचा पोशाख पाठवला: निळी विजार, तिला दोन्ही बाजूंनी पांढरा पट्टा, आणि लेसचे बूट. विजार हातभर लांब होती, म्हणून चौकातल्या नासिरभाईंकडे दिली. नासिरभाई गावचे जुने शिंपी, त्यांच्या गळ्यातला टेप झोपतानाही निघत नाही असं म्हणतात. त्यांनी विजार उलटसुलट करून पाहिली आणि चिंतेनं विचारलं, "आप्पा, इसमें नाडा किधर है?" नाडा नव्हता. इलॅस्टिक होतं. नासिरभाईंनी मान हलवली. "बिना नाडे का भरोसा नहीं. चलते-चलते धोका देगा." ती भीती आप्पांच्या मनात अशी बसली की विजार घालून ते निघाले तेव्हा दोन्ही हात कंबरेला धरून निघाले. गल्लीतली कुत्री आप्पांना ओळखत होती, पण पट्ट्याला ओळखत नव्हती. आप्पा देशमुखांच्या पायरीवर चढून उभे राहिले आणि वत्सलाबाई काठी घेऊन येईपर्यंत तिथंच राहिले. त्या दिवसापासून विजार माळ्यावर गेली. बूट तेवढे राहिले, कारण ते महाग होते.

शेजारचे धुडकू नाना तेव्हा ओट्यावरून म्हणाले, "आप्पा, गावमा चालशात ते असंच व्हई. पिंप्रीना रस्ताले जा. तठे कोनी ऱ्हात नही."

पिंप्री म्हणजे आप्पांच्या लेकीचं, रंजिताचं सासर. मधे शिवरस्ता, दोन्ही बाजूला ऊस. मोकळी हवा, ओटा नाही, चहा नाही. आप्पांना पटलं. तेवढ्यात नाना पुढं म्हणाले, "फक्त वाघना जरा इचार करानं."

आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. उसात तो असतोच, त्यात नवल नाही. तो कुणाला दिसतो, कुणाला दिसत नाही. धुडकू नानांना तो कधीच दिसलेला नव्हता, त्यामुळे त्याच्याविषयी त्यांना फार माहिती होती. "दखा आप्पा, वाघ मांगे लागना ते मांगे देखानं नही. पयानं नही. आनि खाले वाकानं ते बिलकुल नही. वाकेल मानूस त्याले बकरी वाटस." मागं बघायचं नाही, पळायचं नाही, वाकायचं नाही, हे तीन नियम सांगताना नाना स्वतः पायांवर घोंगडी घेऊन बसलेले होते.

आप्पांना रात्री झोप आली नाही. एकीकडे खाट, एकीकडे वाघ. शेवटी त्यांनी सरकारी मार्ग धरला, आयुष्यभर त्यांचा त्याच मार्गावर विश्वास. मोटरसायकलवरून ते तालुक्याला वनखात्याच्या ऑफिसात गेले आणि पिंप्री रस्त्यावर पिंजरा लावावा म्हणून विनंती केली.

तिथल्या साहेबांनी विचारलं, "तुमचं काय गेलं?"

"काही नाही."

"वासरू? शेळी? निदान कुत्रं तरी?"

"काहीच नाही साहेब. उद्यापासून मी त्या रस्त्यानं चालणार आहे, म्हणून आधीच आलो."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "असं आधी येऊन चालत नाही काका. नुकसान झाल्याशिवाय पंचनामा नाही, आणि पंचनाम्याशिवाय पिंजरा नाही. काही झालं की लगेच या."

"मला झालं तर मी कसा येऊ?"

"घरचं कुणी आलं तरी चालेल," साहेब समजुतीनं म्हणाले.

आप्पा परत आले. दोन दिवस ओट्यावर बसून त्यांनी दोन्ही भीती तोलून पाहिल्या. वाघ एकदाच खातो, असा त्यांनी विचार केला. खाट रोज खाते.

तिसऱ्या दिवशी पहाटेची थंडी जरा ओसरल्यावर, पण धुकं असतानाच, आप्पा निघाले. निळ्या विजारीचा तमाशा नको म्हणून पांढरं धोतर, पांढरा सदरा, डोक्यावर टोपी. थोडी थंडी उरली होती, म्हणून खांद्यावर टॉवेल घेतला. चहा घेतला नाही. डॉक्टरनं सांगितल्याप्रमाणे बोलायचं नाही, झपझप चालायचं. आणि मनातल्या भीतीनं चेहरा असा झाला होता की वत्सलाबाईंनी पाहिला असता तर त्यांनी दृष्ट काढली असती. पण त्या तेव्हा गोठ्यात होत्या.

आता इथं आपल्याकडची एक रीत सांगावी लागते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सकाळच्या पारी, बिनचहाचा, पांढऱ्या कपड्यांत, खांद्यावर टॉवेल टाकून, खाली मान घालून, न बोलता झपझप जाणारा म्हातारा दिसला, की तो मौतीला चाललाय हे शेंबडं पोरही ओळखतं. टॉवेल कशाला, तर अग्नी दिल्यावर अंघोळ करावी लागते. अशा माणसाला थांबवायचं नाही. मागून हाक तर मुळीच मारायची नाही, अपशकुन असतो. कोण गेलं हेही विचारायचं नाही, रस्त्यावर ते बरं दिसत नाही. दारावर पोचल्यावर कळतंच. आपण फक्त टॉवेल घ्यायचा आणि मागं चालू लागायचं.

आप्पा धुडकू नानांच्या ओट्यासमोरून गेले. नाना घोंगडीतून म्हणाले, "कोठे निंघनात आप्पा?" आप्पांनी मान हलवली आणि पुढं गेले. नानांनी त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल पाहिला, पिंप्रीच्या रस्त्याकडे वळलेलं तोंड पाहिलं. वाघाचं ऐकल्यावर कुणी तिकडे नुसतं चालायला जाईल, हे त्यांच्या मनातही आलं नाही. पिंप्रीला आप्पांच्या विहीणबाई, रंजिताची सासू, जमनाबाई. न्हाणीत पडल्यापासून वर्षभर खाटेवर. हाड जुळलं होतं, डॉक्टर चाला म्हणत होते, पण पुन्हा पडण्याच्या भीतीनं त्या खाटेवरून पाय खाली ठेवत नव्हत्या. नाना मनाशी म्हणाले, सुटनी बिचारी. घोंगडी टाकून त्यांनी टॉवेल घेतला.

चौकात नासिरभाई दुकान उघडत होते. त्यांनी आप्पांना पाहिलं, मागून नाना पाहिले, आणि उघडलेलं शटर तसंच खाली ओढलं. जमनाबाईंच्या लेकाचे, म्हणजे आप्पांच्या जावयाचे, कुंदनचे, लग्नातले कपडे त्यांनीच शिवले होते. पानटपरीवाला आला. देशमुख आले. तिन्ही ओट्यांवरची मंडळी आली, ज्यांच्यातल्या काहींनी गावाची वेस पायी ओलांडल्याला वर्षं झाली होती. कुणाचा गुडघा धरलेला, कुणाला दमा, पण मौतीला नाही कसं म्हणायचं. सगळे टॉवेल घेऊन, काही न बोलता, आप्पांच्या मागं थोडं अंतर ठेवून चालू लागले.

आप्पांना यातलं काही माहीत नव्हतं. ते शिवरस्त्याला लागले. धुक्यात ऊस दोन्हीकडून वाकलेला होता आणि पानांवरून दव टपटप गळत होतं. पहिल्या वळणापर्यंत त्यांना बरं वाटलं, अगदी आपण उगाच भीत होतो असंही वाटलं. आणि मग मागं काहीतरी वाजलं.

पाचोळ्यावर पाय पडल्यासारखं. आप्पांना नानांचा पहिला नियम आठवला. मांगे देखानं नही. ते जरा जोरानं चालू लागले, तसा मागचा आवाजही जोरानं आला. ते हळू झाले. मागचंही हळू झालं. आता सांगा, वाघ नाही तर काय. आप्पांनी वाघ आजवर पाहिला नव्हता, पण तो इतका बारकाईनं पाठलाग करतो हे त्यांना ऐकून माहीत होतं. मग धुक्यातून एक घोगरा खोकला आला. दमेकरी देशमुखांचा तो खोकला ओट्यावर त्यांनी हजारदा ऐकला असेल, पण उसात तो ऐकला तेव्हा त्यांना तो वाघाचाच वाटला. त्यांना घाम फुटला. त्या थंडीत.

त्याच वेळी उजव्या बुटाची लेस सुटली. आता काय करायचं? बांधायची तर वाकायला हवं, आणि वाकला की बकरी. नाही बांधली तर पाय अडकून पडायचं, आणि पडलं की खाट. आप्पांना रडू आलं. खरंच आलं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. सत्तरीच्या माणसाला एका बाजूनं वाघ आणि एका बाजूनं खाट असली की रडूच येणार. उजवा पाय फरफटत, डोळे पुसत, देवाचं नाव घेत ते चालत राहिले. लघवी लागली होती, साखरेमुळे लागतेच, पण तीही वाकल्याशिवाय होण्यातली नव्हती.

मागं नासिरभाई नानांच्या कानात हळूच म्हणाले, "आप्पा बहुत टूट गये." नाना म्हणाले, "पाय दखा ना, उचलाता उचली नही ऱ्हायना. इहीनवर किती जीव व्हता." सगळ्यांचे डोळे पाणावले. आप्पा एकटे पडू नयेत म्हणून सगळे आणखी जवळ सरकले. आप्पांनी ते ऐकलं, म्हणजे शब्द नाही, नुसती कुजबुज, आणि त्यांना वाटलं, वाघ एक नाही, खूप आहेत.

पिंप्रीचं पहिलं घर दिसलं तेव्हा त्यांच्या पायात कुठून बळ आलं कोण जाणे. रंजिताचं दार गाठायचं, आत शिरायचं आणि कडी लावायची, एवढंच डोक्यात होतं.

रंजिता अंगणात सडा टाकत होती. धुक्यातून तिचा बाप आला. टोपी वाकडी, डोळ्यांतून पाणी, बूट सुटलेला, तोंडातून शब्द नाही. आणि त्याच्यामागून टॉवेल घेतलेलं सगळं धनखेडे. तिच्या हातातली बादली पडली. माहेरचं गाव असं सकाळी दारात येतं ते एकाच कारणानं. तिच्या डोळ्यांसमोर आई आली, रोज गोठ्यात राबणारी, कधी न बसणारी, आणि तिनं हंबरडा फोडला, "माय वं..."

झालं. धनखेडेकरांची खात्री पटली. रंजिता सासूसाठी किती रडते आहे, म्हणून देशमुखांनी टोपी काढली. गल्लीतल्या बायका हंबरड्यानं बाहेर आल्या. त्यांनी रंजिताला पाहिलं, दारात पुरुषांची रांग पाहिली, आणि त्यांनाही कळलं की जमनाबाई गेल्या. आपल्याकडे कळलं की लगेच सुरू करावं लागतं, मागाहून सुरू केलं तर लोक बोलतात. कुंदन गोठ्यातून हातात शेणाची पाटी घेऊन धावत आला. आई गेली आणि आपल्याला कुणी सांगितलंही नाही, असा त्याचा चेहरा झाला, आणि आत जायचंही त्याला धैर्य होईना.

आप्पा अंगणाच्या मधोमध उभे होते. ते हळूच मागं वळले. वाघ नव्हता. पण सगळं गाव होतं, आणि गाव रडत होतं. लेक रडत होती. कुणीतरी गेलं होतं हे नक्की. आप्पांनी एकेकाचं तोंड पाहिलं. नाना आहेत, नासिरभाई आहेत, देशमुख आहेत. मग गेलं कोण? एक क्षण त्यांच्या मनात आलं की वाघानं रस्त्यातच काम उरकलं असेल आणि हे सगळे आपल्यासाठीच आलेत. त्यांनी हळूच स्वतःच्या मांडीला चिमटा काढला. दुखलं. तरी त्यांचा विश्वास बसेना.

सगळ्यांत मोठा आवाज शोभाबाईंचा होता. शोभाबाई म्हणजे जमनाबाईंची धाकटी जाऊ. मधल्या भिंतीवरून दोघींचं जे बिनसलं होतं ते इतकं जुनं होतं की भिंत पडून पुन्हा बांधून झाली, तरी बोलणं नव्हतं. पण मौत ती मौत. शोभाबाई ओसरीच्या पायरीवर बसून, डोक्यावर पदर ओढून आळवत होत्या, "मन्ही बहीन गयी वं, मन्ही पाठनी बहीन... एक घासना दोन करी खायनूत वं..."

आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. पितळी तांब्या असावा. मग खाट करकरली. मग बराच वेळ काही नाही, आणि मग भिंतीला घासत काहीतरी येत असल्याचा आवाज आला.

बायकांचं रडणं एकेक करून थांबलं. दारात एक हात आला, हाडं दिसणारा, चौकट घट्ट धरलेला. मग पदर आला. मग जमनाबाई आल्या, उभ्या, दोन्ही पायांवर, थरथरत.

कुंदनच्या हातातली पाटी पडली. पानटपरीवाला सरळ रस्त्यावर गेला आणि तिथून बघू लागला. धुडकू नाना नासिरभाईंच्या मागं लपले. नासिरभाई डोळे मिटून काहीतरी पुटपुटू लागले. आप्पांनी पुन्हा एकदा मांडीला चिमटा काढला. वर्षभर जिनं पाय खाली ठेवला नाही ती बाई मेल्यावर चालत आली, म्हणजे आता काय काय बघायचं राहिलं आहे, असं त्यांना झालं.

जमनाबाईंनी अंगणात व्याही आहेत हे पाहून आधी पदर पुढं ओढला. त्या स्थितीतही. भुतं पदर ओढत नाहीत, त्यामुळे जाणत्यांचा जीव थोडा भांड्यात पडला. मग त्या शोभाबाईंकडे वळल्या.

"जोरमा रडी ऱ्हायनी वं शोभा," त्या म्हणाल्या. "डोयामा पानी कोठे शे पन?"

शोभाबाईंनी तोंडावरचा पदर बाजूला केला. त्या जावेकडे बघत राहिल्या आणि मग खरंच रडू लागल्या. आवाज न करता. त्यांना ते थांबवताच येईना.

मग सगळ्यांनी एकदम बोलायला सुरुवात केली. तुमी सांगितलं, कुनी सांगितलं, आप्पांच्या खांद्यावर टॉवेल व्हता, रंजिता रडली, रंजिता का रडली, आई कशी आहे, आई गोठ्यात आहे. रंजितानं बापाला येण्याचं कारण विचारलं, "मंग तुम्ही उनात कसाले, आप्पा?" आप्पांनी सगळ्या गावाकडे पाहिलं. चालायला निघालो होतो, असं त्यांनी सांगितलं असतं तर जन्मभर ओट्यावर बसायची सोय राहिली नसती. आणि वाघाचं तर बोलायलाच नको.

तेवढ्यात जमनाबाईंनी विचारलं, "व्याही, हाई इतलं गाव मन्हासाठे उनं का?"

त्या विचारत होत्या तेव्हा त्यांचे डोळे रांगेतल्या एकेका माणसावरून फिरत होते. वर्षभर त्या खोलीत छताकडे बघत पडलेली बाई. आपण गेलो तर कोण येईल, याचा हिशेब तिनं किती वेळा केला असेल, हे आप्पांना एकदम कळलं. रेवजीदादाही कदाचित तेच करत असेल, आणि आपण समोर बसून माशीच बघत होतो.

"हो इहीनबाई," आप्पा म्हणाले. "तुमनासाठेच."

कुणी त्यांना खोटं पाडलं नाही. धनखेडेकरांमध्ये अवगुण पुष्कळ आहेत, पण वेळ कळते. नासिरभाई उलट म्हणाले, "माँजी, दुकान बंद करके आया हूँ." जमनाबाई ओसरीच्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या. रंजितानं खाट बाहेर आणायला कुंदनला सांगितलं, तर त्या नको म्हणाल्या. मग चहा झाला. मौतीच्या घरी चहा घेत नाहीत, पण मौतच नव्हती, म्हणून सगळ्यांनी दोनदा घेतला. आप्पांनी बिनसाखरेचा मागितला आणि तो मागताना पहिल्यांदाच त्यांना लाज वाटली नाही.

चहा पिताना आप्पांनी कपाकडे बघत, व्याह्यानं विहिणीशी बोलावं तितक्या अदबीनं विचारलं, "इहीनबाई, पडानी भीती नही वाटनी का?"

"वाटनी ना," जमनाबाई म्हणाल्या. खांबाला धरलेला हात त्यांनी अजून सोडला नव्हता. "आजून वाटी ऱ्हायनी. पन मी इचार कया, आज जर उठती नही, ते हाई लोके माले खरंच मसनमा लई जातात."

कुणी हसलं नाही. हसण्यासारखं होतं, पण अंगणातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला त्या क्षणी आपापली खाट दिसली असावी. देशमुख बसले होते, ते उगाचच उठून उभे राहिले.

परत जायची वेळ आली तेव्हा पंचाईत झाली. येताना मौत होती म्हणून सगळे पायी आले होते. आता मौत नव्हती, आणि ऊस तेवढाच होता. धुडकू नानांना वाघाची सगळी माहिती एकदम आठवली आणि त्यांनी ती सगळ्यांना सांगितली. शेवटी कुंदननं ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली. धनखेडेकर एकमेकांना वर ओढत चढले आणि दाटीवाटीनं बसले. सगळ्यांची तोंडं मागं, उसाकडे.

आप्पा खालीच राहिले. त्यांनी कुंदनला ट्रॅक्टर हळू चालवायला सांगितलं. धुडकू नानांनी सरकून जागा केली आणि फळीवर हात थोपटला.

"या ना आप्पा, बठा. वाघनी भीती नही का वाटत?"

"वाटस ना," आप्पा म्हणाले आणि ट्रॉलीच्या मागं चालू लागले. "पन बठानी जास्ती वाटस."